अबू हामिद अल्-गझाली : वाचाभंग, प्रवास आणि सौख्याची किमया

'किमया' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचे परकेपण आता जाणवतही नाही. हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या हा त्याचा मूळ अर्थ मागे पडला. अजब कसब, करामत हा लाक्षणिक अर्थ तेवढा उरला. अरबी-फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच रूपक म्हणून योजून बाराव्या शतकाच्या आरंभी एका फारसी ग्रंथाचे नाव ठेवले गेले. 'किमिया-ए-सआदत', म्हणजे सौख्याची किमया, हा तो ग्रंथ होय. अकबरापुढे जे ग्रंथ वारंवार वाचले जात त्यांच्या यादीत अबुल फजलने त्याचे नाव घेतले आहे. भारतात फारसी शिकलेल्या अनेक पिढ्यांच्या हातांतून तो गेला. त्याचा कर्ता अबू हामिद मुहम्मद अल्-गझाली हा इस्लामी परंपरेतील बहुधा सर्वाधिक वाचला गेलेला धर्मचिंतक. अंतःशांतीविषयी लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचे चरित्र शांतीपासून सुरू होते. गझालींचे तसे नाही. त्यांच्या सौख्यविचाराचा उगम एका पराभवात आहे आणि तो पराभव त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

गझालींचा जन्म खुरासानातील तूस येथे झाला. हे स्थळ आजच्या इराणात मशहद शहराजवळ येते. फिर्दौसी याच तूसचा आणि सेल्जुक साम्राज्याचा सर्वसत्ताधीश वजीर निजाम-उल्-मुल्क हाही याच भागातला. जन्मवर्ष परंपरेने हिजरी 450, म्हणजे इ. स. 1058 मानले जाते. अलीकडच्या संशोधनात ते दोन-तीन वर्षे मागे नेण्याकडे कल दिसतो. वडील लोकर कातून विकत, असे चरित्रकार सांगतात. मरताना त्यांनी मुहम्मद आणि अहमद या दोन मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले. ठेवलेला पैसा संपला तेव्हा त्या गरीब सूफीने मुलांना मदरशात जाण्याचा सल्ला दिला, कारण तेथे विद्यार्थ्यांना अन्न मिळे. ही कथा गझालींच्या मृत्यूनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी लिहिणाऱ्या सुबकीकडून येते, तेव्हा तिच्या तपशिलावर फार भार देता येणार नाही. तरीही ती टाकून देण्याजोगी नाही. विद्या पोटासाठी सुरू झाली, ईश्वरासाठी नव्हे, ही जाणीव गझालींच्या उत्तरायुष्यात शल्यासारखी टिकून राहिली.

याच चरित्रकाराने दिलेली दुसरी कथा अधिक प्रसिद्ध आहे. जुर्जानहून शिकून परतताना वाटेत दरोडेखोरांनी सर्वांना लुटले. गझालींनी आपली टिपणे तेवढी परत मागितली. ती गेली तर सारे शिक्षण वाया जाईल, असे ते म्हणाले. दरोडेखोरांचा नायक हसला. जी विद्या चोरून नेता येते तिला विद्या कसे म्हणावे, असा त्याचा आशय होता. टिपणे परत मिळाली. पुढची तीन वर्षे तरुण गझाली त्यांतील अक्षरन् अक्षर मुखोद्गत करीत बसले. दरोडेखोराच्या प्रश्नाचे हे उत्तर अपुरे होते, हे कळायला त्यांना आणखी पंधरा-वीस वर्षे लागली. पाठांतराने विद्या चोरापासून सुरक्षित होते. ती विद्वानाची होते असे नाही.

निशापूरला इमाम-उल्-हरमैन जुवैनी यांच्याकडे त्यांचे खरे शिक्षण झाले. धर्मशास्त्र, तर्क, ईश्वरविषयक वादशास्त्र या सर्वांत शिष्याची गती अशी होती की गुरू उघडपणे अभिमान व्यक्त करीत, पण मनातून अस्वस्थ होत, असे समकालीन चरित्रकार अब्द-अल्-गाफिर अल्-फारिसी याने नोंदविले आहे. 1085 मध्ये जुवैनी वारले. गझाली निजाम-उल्-मुल्कच्या छावणीत दाखल झाले. तेथे नामांकित पंडितांच्या सभा भरत, वाद रंगत, जिंकणाऱ्याला मान आणि इनाम मिळे. गझाली जिंकत गेले. 1091 मध्ये वजिराने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात प्रमुख अध्यापक नेमले. त्या काळी इस्लामी जगात अध्यापकाला याहून मोठी जागा नव्हती आणि गझाली तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होते.

बगदादची चार वर्षे बाहेरून पाहता सुवर्णकाळच ठरतात. त्यांच्यापुढे तीनशे विद्यार्थी बसत. अध्यापनातून उरलेल्या वेळात, गुरूवाचून, त्यांनी तत्त्वज्ञांचे ग्रंथ अभ्यासले. आधी 'मकासिद अल्-फलासिफा'मध्ये त्यांची मते नेटकेपणाने मांडली आणि 1095 च्या आरंभी 'तहाफुत अल्-फलासिफा' लिहून त्यांतील वीस मतांवर हल्ला चढवला. खलिफाच्या सांगण्यावरून बातिनी पंथाचेही खंडन केले. मात्र याच काळात त्यांच्या भोवतीचे राजकीय जग ढासळत होते. 1092 च्या ऑक्टोबरात निजाम-उल्-मुल्कचा खून झाला, महिन्याभरात सुलतान मलिकशाह मरण पावला, वारसायुद्ध पेटले, 1094 मध्ये खलिफाही गेला. ज्यांच्या छत्राखाली हे वैभव उभे होते ते सर्व दोन वर्षांत नाहीसे झाले.

पुढे काय घडले हे गझालींनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या 'अल्-मुन्किझ मिन अद्-दलाल' या आत्मनिवेदनात येते. या छोट्या ग्रंथाची रचना विलक्षण आहे. त्यात घराचे, आईचे, बालपणाचे वर्णन जवळजवळ नाही; आहे तो एका शोधाचा आलेख. तारुण्यात केव्हातरी त्यांचा इंद्रियांवरचा विश्वास उडाला, कारण डोळ्यांना स्थिर दिसणारी सावली प्रत्यक्षात सरकत असते. मग बुद्धीवरचाही उडाला, कारण स्वप्नातही सारे खरेच वाटते. सुमारे दोन महिने ही अवस्था टिकली आणि ती युक्तिवादाने गेली नाही; ईश्वराने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने गेली, असे ते सांगतात. त्यानंतर त्यांनी सत्यशोधकांचे चार वर्ग तपासले : वादशास्त्री, बातिनी, तत्त्वज्ञ आणि सूफी. पहिल्या तिघांची परीक्षा ग्रंथांवरून झाली. सूफींचेही ग्रंथ त्यांनी प्रथम वाचलेच. अबू तालिब अल्-मक्की, मुहासिबी, जुनैद, बिस्तामी यांची वचने अभ्यासली. आणि तेथे ते अडले. आरोग्याची व्याख्या ठाऊक असणे आणि निरोगी असणे, नशेची लक्षणे जाणणे आणि धुंद होणे, यांतील अंतर त्यांच्या लक्षात आले. सूफी मार्गात उरलेला भाग वाचून मिळणारा नव्हता. तो जगून घ्यावा लागणार होता.

मग स्वतःच्या अध्यापनाकडे पाहताना त्यांना दिसले की त्यामागची नियत शुद्ध नाही. कीर्ती आणि प्रतिष्ठा हीच तिची प्रेरणा आहे. 'नियत' हा शब्द मराठीतही आहे, पण आपण तो बहुधा दुसऱ्याची नियत बिघडली हे सांगण्यासाठी वापरतो. गझालींच्या धर्मविचारात तो कर्माचा प्राण आहे. एकच कृत्य नियतीनुसार उपासना होते किंवा व्यापार होतो. 1095 च्या जुलैपासून सुमारे सहा महिने ते या पेचात होते. एके दिवशी बगदाद सोडण्याचा निश्चय करावा, दुसऱ्या दिवशी मोडावा. सकाळी परलोकाची ओढ प्रबळ व्हावी आणि संध्याकाळी वासनांच्या सैन्याने ती उधळून लावावी. अखेर निर्णय त्यांच्या हाती राहिला नाही. विद्यार्थ्यांसाठी एक दिवस तरी शिकवावे म्हणून ते बसत, पण जिभेतून शब्द निघेना. मग अन्न जाईनासे झाले. घोटभर पाणीही उतरेना. वैद्यांनी हात टेकले. रोग अंतःकरणातून शरीरात उतरला आहे आणि मनाचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असे त्यांचे निदान होते.

या निवेदनावर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. निजाम-उल्-मुल्कच्या खुनानंतर बातिनींच्या कट्यारीची भीती, किंवा नव्या सुलतानाची गैरमर्जी, हे खरे कारण असावे, असे काहींना वाटते. राजकीय भय अजिबात नव्हते असे म्हणता येत नाही. परंतु भ्यालेला माणूस नवा आश्रयदाता शोधतो. गझालींनी आश्रय घेण्याची प्रथाच सोडली. शिवाय भयाने पळालेला विद्वान स्वतःच्या वाचाभंगाची हकीकत वैद्यांच्या निदानासह लिहून ठेवील, हे फारसे संभवत नाही.

1095 च्या नोव्हेंबरात, मक्केला जातो असे सांगून आणि मनात शामचा बेत ठेवून, त्यांनी बगदाद सोडले. सर्वांना खरे सांगितले असते तर खलिफा आणि मित्रांनी जाऊ दिले नसते. स्वतःच्या आणि मुलांच्या निर्वाहापुरते ठेवून उरलेली संपत्ती वाटून टाकली. निजामियातील जागी धाकटा भाऊ अहमद शिकवू लागला. गंमत अशी की अहमद आधीपासूनच सूफी होता आणि पुढे फारसी प्रेमविचाराचा 'सवानिह' हा ग्रंथ त्याने लिहिला. थोरल्याला जे मोडून पडल्यावर सापडले ते धाकट्याला स्वभावतःच मिळाले होते.

दमास्कसला उमय्या मशिदीच्या मिनारात ते दार बंद करून बसत. नंतर जेरुसलेमला गेले आणि तेथेही घुमटाखालच्या पवित्र शिळेच्या वास्तूत एकांत धरला. पुढे अल्-खलील, म्हणजे हेब्रॉन येथे, इब्राहीम पैगंबरांच्या कबरीपाशी 1096 मध्ये त्यांनी तीन प्रतिज्ञा केल्या : राजाच्या दरबारी जाणार नाही, राजाचे द्रव्य घेणार नाही, सभेत वाद घालणार नाही. या तीन गोष्टींनीच त्यांना बगदादपर्यंत नेले होते. त्यांचा सौख्यविचार समजून घ्यायचा तर या प्रतिज्ञांपासून सुरुवात करणे अगत्याचे ठरते. शांतीची त्यांची पहिली कल्पना ही कशाच्या तरी प्राप्तीची नव्हती. ती तीन दारे बंद करण्याची होती. त्याच वर्षी हज करून 1097 मध्ये ते काही काळ बगदादला परतले आणि मग तूसला गेले. मुलांची ओढ हे परतण्याचे एक कारण त्यांनी मोकळेपणाने दिले आहे. प्रपंचाच्या काळज्या एकांताची स्वच्छता गढूळ करीत आणि निर्मळ अवस्था अधूनमधूनच लाभे, अशीही कबुली ते देतात. संतचरित्रात अशी कबुली क्वचितच आढळते.

एक मौन मात्र खटकते. 1099 मध्ये क्रुसेडच्या सैन्याने जेरुसलेम जिंकले आणि तेथे मोठी कत्तल केली. जेथे गझाली तीन वर्षांपूर्वी एकांतात बसले होते ते हेच शहर. त्यांच्या विपुल लेखनात या घटनेचा मागमूसही सापडत नाही. खुरासानपर्यंत तिचे गांभीर्य पोहोचले नसेल, की अंतःकरणाच्या युद्धापुढे बाहेरचे युद्ध त्यांना दुय्यम वाटले असेल? दुसरा तर्क खरा असेल तर ती त्यांच्या शांतीची किंमत मानावी लागेल.

या एकांतवासात 'इह्या उलूम अद्-दीन' हा चाळीस प्रकरणांचा महाग्रंथ आकाराला आला. चार भाग, प्रत्येकात दहा प्रकरणे : उपासना, व्यवहार, नाशाकडे नेणाऱ्या गोष्टी आणि तारणाऱ्या गोष्टी. नमाज, रोजा यांच्याबरोबर जेवणाचे, विवाहाचे, प्रवासाचे शिष्टाचार येथे येतात. क्रोध, मत्सर, दंभ यांची चिकित्सा येते. आणि शेवटी पश्चात्ताप, सब्र, शुक्र, विश्वास, ईश्वरप्रेम, मृत्यूचे स्मरण. 'किमिया-ए-सआदत' हे याच आराखड्याचे, सामान्य फारसी वाचकासाठी केलेले स्वतंत्र रूप. त्याच्या आरंभी मात्र चार प्रवेशिका आहेत : स्वतःचे ज्ञान, ईश्वराचे ज्ञान, इहलोकाचे ज्ञान, परलोकाचे ज्ञान.

पहिल्या प्रवेशिकेत देह हे एक नगर मानले आहे. हातपाय हे कारागीर, वासना ही महसूल वसूल करणारी अंमलदार, क्रोध हा कोतवाल, बुद्धी हा वजीर आणि अंतःकरण हा राजा. अंमलदार लबाड आणि हावरा. वजिराच्या प्रत्येक सल्ल्याला त्याचा विरोध. कोतवाल तापट, मारझोड त्याला प्रिय. पण दोघांनाही काढून टाकता येत नाही, कारण महसुलावाचून आणि बंदोबस्तावाचून नगर चालणार नाही. दुःख निर्माण होते ते राजाने अंमलदाराची चाकरी पत्करली म्हणजे. वासना मारून टाका असे गझाली सांगत नाहीत. त्यांना प्रत्येकाला आपापल्या जागी बसवायचे आहे. सेल्जुक कारभार जवळून पाहिलेल्या माणसाला हे रूपक सुचले, यात नवल नाही.

सौख्याची त्यांची व्याख्या यातूनच निघते. प्रत्येक शक्तीचे सुख ती ज्यासाठी निर्माण झाली त्यात असते : डोळ्याचे सुंदर रूपात, कानाचे मधुर स्वरात. अंतःकरण ईश्वराला जाणण्यासाठी निर्माण झाले, म्हणून त्याचे सुख त्या ज्ञानात. इतर सुखे इंद्रियांबरोबर संपतात. हे सुख मृत्यूने संपत नाही, उलट अडथळा दूर झाल्याने वाढते. हे ज्ञान बाहेरून भरायचे नसते. पाच नाल्यांनी येणारे गढूळ पाणी थांबवावे आणि हौदाचा तळ खणावा, म्हणजे खालून स्वच्छ झरा लागतो. नाले ही इंद्रिये. हेच ते चित्रकारांच्या दृष्टांतातून सांगतात. रूमच्या चित्रकारांनी एक भिंत रंगवली, चीनच्या चित्रकारांनी समोरची भिंत केवळ घासून चकाकवली. पडदा दूर होताच समोरचे चित्र तिच्यात अधिक तेजाने उमटले. दीडशे वर्षांनी मौलाना रूमींनी हाच दृष्टांत घेतला तेव्हा भूमिका उलटल्या आणि भिंत घासण्याचे काम रूमच्या कारागिरांकडे आले.

घासण्याचे काम रोजचे आहे. येथे काही शब्द मराठी वाचकाला थांबवतील. मनाला वळण लावण्याच्या साधनेला 'इह्या'त 'रियाझत' म्हटले आहे. आपल्या गवयांचा 'रियाज' तो हाच. 'सब्र' म्हणजे आपली सबुरी. रोजच्या आत्मपरीक्षणाचे नाव 'मुहासबा', आणि 'हिशेब' हा शब्द त्याच धातूचा. व्यापारी जसा सकाळी भागीदाराशी अटी ठरवतो, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवतो आणि सायंकाळी हिशेब घेतो, तसे आपल्या मनाशी वागावे, असे गझाली सांगतात. साक्षात्काराची भाषा त्यांच्याकडे आहे, पण भर आहे तो या चोपडीवर. चारित्र्य बदलत नाही असे मानणाऱ्यांना ते विचारतात की पशूही शिकवणुकीने बदलतो, मग माणूस का नाही? सौख्य हे दैवाचे दान मानण्यापेक्षा सवयीचे फळ मानण्याकडे त्यांचा हा कल त्यांच्या वाचकांना शतकानुशतके आधार देत आला.

ग्रंथावर आक्षेपही आले. 1109 मध्ये, लेखक हयात असतानाच, मुराबिती राज्यकर्त्यांच्या आज्ञेने कोर्दोबात 'इह्या'च्या प्रती जाळल्या गेल्या. इब्न अल्-जौझीने त्यातील दुर्बळ हदिसांवर बोट ठेवले आणि ते आक्षेप निराधार नाहीत. 'तहाफुत'ला इब्न रुश्दने सविस्तर उत्तर दिले. व्याकरणाच्या चुकांबद्दलही समकालीनांनी टोकले. गझालींनी चूक मान्य केली आणि अर्थ पाहून शब्द सुधारून घ्यावेत, असा आशय व्यक्त केला. वादात कधीही न हरलेल्या माणसाचे हे वागणे नवे होते.

खरी कसोटी 1106 मध्ये आली. निजाम-उल्-मुल्कचा मुलगा फख्र-उल्-मुल्क हा सेल्जुक राजपुत्र संजर याचा वजीर होता. त्याने गझालींना निशापूरच्या निजामियात शिकवण्याची आज्ञा केली. हेब्रॉनच्या प्रतिज्ञेनंतर पुन्हा राजाश्रयाची जागा! 'मुन्किझ'मध्ये गझाली या निर्णयाचे समर्थन करतात : लोकांची श्रद्धा डळमळली आहे, रोगाचा वैद्य एकांतात बसून राहणे योग्य नाही, आणि हिजरी सहावे शतक उंबरठ्यावर आहे, दर शतकाच्या आरंभी धर्माचे पुनरुज्जीवन करणारा येतो अशी परंपरा आहे. या शेवटच्या मुद्द्यात जुन्या अभिमानाचा अंश कोणाला दिसला तर त्याला दोष देता येणार नाही. गझालींचे स्वतःचे म्हणणे असे की वरून पाहता आपण शिकवण्याकडे परतलो आहोत, पण हे परतणे नव्हे. तेव्हा प्रतिष्ठा मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता प्रतिष्ठा सोडायला लावणारी शिकवतो. जागा तीच, नियत वेगळी. ती खरोखर बदलली का, हे ईश्वरच जाणे, असा भाव त्यांनी पुढे ठेवला आहे.

समकालीन साक्ष मात्र उपलब्ध आहे. अब्द-अल्-गाफिरने त्यांना तरुणपणी पाहिले होते. बुद्धीच्या आणि वक्तृत्वाच्या तोऱ्यात इतरांना तुच्छ लेखणारा माणूस त्याच्या लक्षात होता. नंतर तो त्यांना अनेकदा भेटला आणि प्रथम त्याला वाटले की ही नम्रता पांघरलेली आहे. शोध घेतल्यावर त्याचे मत बदलले. वेडाच्या काळानंतर माणूस शुद्धीवर यावा तसे हे होते, असा त्याचा निष्कर्ष.

निशापूरची जागा फार काळ टिकली नाही. फख्र-उल्-मुल्कचा त्याच वर्षी खून झाला. विरोधकांनी तरुणपणीच्या एका ग्रंथातील मजकुरावरून काहूर उठवले, संजरपुढे जाऊन खुलासा करावा लागला आणि गझालींनी अध्यापनातून मुक्तता मागितली. 1110 मध्ये बगदादच्या निजामियाची जागा त्यांच्या जुन्या सहाध्यायाच्या, अल्-किया अल्-हर्रासीच्या मृत्यूने रिकामी झाली आणि ती त्यांना पुन्हा देऊ करण्यात आली. पंधरा वर्षांपूर्वी ज्या आसनावर वाचा बंद पडली होती तेच आसन. नकार देताना त्यांनी तूसमधील विद्यार्थी आणि कुटुंब यांचे कारण दिले, आणि हेब्रॉनच्या प्रतिज्ञेचेही.

तूसला घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह उभारली होती. दिवसाची वाटणी ठरलेली असे : कुराणपठण, सूफींची संगत, अध्यापन, नमाज. आयुष्यभर दुर्लक्षिलेल्या हदीसशास्त्राचा अभ्यास त्यांनी शेवटच्या काळात नव्याने हाती घेतला. बुखारी आणि मुस्लिम यांचे संग्रह ते विद्यार्थ्याप्रमाणे वाचत होते.

18 डिसेंबर 1111, सोमवार. भाऊ अहमदच्या नावे आलेल्या वृत्तांतानुसार त्यांनी पहाटे वुजू करून नमाज अदा केला, आपले कफन मागवले, त्याचे चुंबन घेऊन ते डोळ्यांना लावले, राजाधिराजाच्या भेटीची आज्ञा मान्य असल्याचे म्हटले आणि किब्ल्याकडे तोंड करून पाय पसरले. सूर्योदयापूर्वी ते गेले. मागे फक्त मुली होत्या. वडिलार्जित आणि स्वतः मिळवलेले असे घराच्या निर्वाहाला पुरेल एवढे त्यांच्यापाशी होते, आणि देऊ केलेले द्रव्य त्यांनी स्वीकारले नव्हते, अशी नोंद अब्द-अल्-गाफिरने केली आहे.